सॉसेजचं आवरण, गाडीचा पंप आणि उलटी थांबवायचा हिशोब : डायलिसिस मशीन बनवणारे डॉ. विलेम कोल्फ



आपण इथं नेहमी प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा सेन्सर असल्या गोष्टींवर बोलतो. आजचं मशीन तुमच्या खिशात मावणारं नाही, आणि देव करो, तुम्हाला कधी लागूही नये. पण तुमच्या ओळखीत, नात्यात, गल्लीत कुणीतरी आठवड्यातून तीनदा त्या मशीनला जोडून घ्यायला जात असणार. माझे मामा जातात. सांगलीत, दोन वर्षं झाली. त्यांना सोडायला आणि आणायला मीच असतो, त्यामुळे दर वेळी चार-साडेचार तास बाहेरच्या बाकावर मी, माझा फोन आणि तिथलं कधी चालू कधी बंद असणारं वायफाय.

त्या बाकावर बसूनच मी डॉ. विलेम कोल्फ यांच्याबद्दल वाचलं. डायलिसिसचं मशीन कुणी बनवलं एवढंच शोधायला गेलो होतो. पण हाताला लागलं ते वेगळंच. या माणसाने सगळा खटाटोप सुरू केला तो एका पोराची उलटी थांबवायची म्हणून! आणि आमच्या घरात नेमकी पोटाचीच तक्रार आम्ही सगळ्यांनी मिळून दुर्लक्षित केली होती. ते पुढं सांगतो.

प्राणिसंग्रहालयाचा मॅनेजर व्हायचं होतं

कोल्फ यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९११ चा, नेदरलँड्समधल्या लायडेन गावातला. वडील डॉक्टर, क्षयरोग्यांच्या एका सॅनेटोरियमचे प्रमुख. त्या काळात टीबीवर औषध नव्हतं, त्यामुळे वडील पेशंट गमावून घरी यायचे ते या मुलाने बघितलेलं. म्हणून त्याला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. माणसं मरताना बघवणार नाहीत, त्यापेक्षा प्राणिसंग्रहालय सांभाळू, असा त्याचा विचार होता. तेव्हा देशात प्राणिसंग्रहालयं मोजकीच, म्हणजे नोकऱ्याही मोजक्याच. शेवटी मेडिकललाच गेला.

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडतील. एक, त्याला वाचताना अक्षरांचा घोळ व्हायचा. आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो तो प्रकार. दोन, लहानपणी तो सुताराकडे जाऊन लाकूडकाम शिकला होता. म्हणजे पुस्तकापेक्षा हाताने शिकणारा पोरगा.

वीस ग्रॅमचा हिशोब

१९३८ साल. कोल्फ ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये नवखे डॉक्टर. त्यांच्या वॉर्डात एका शेतकऱ्याचा २२ वर्षांचा मुलगा होता. दोन्ही किडन्या निकामी. उलट्या थांबत नव्हत्या, डोकं फुटायची वेळ, हळूहळू दिसेनासं झालं. करण्यासारखं काहीच नव्हतं. आईला बाहेर बोलावून तुझा एकुलता एक मुलगा वाचणार नाही, हे कोल्फ यांनाच सांगावं लागलं. काळा झगा आणि डोक्यावर पांढरी टोपी घातलेली ती कष्टकरी बाई त्यांना जन्मभर आठवत राहिली.

इथं थोडं थांबून किडनी आणि उलटीचा संबंध काय ते बघू, कारण आपल्याकडं किडनी म्हटलं की फक्त लघवी आठवते.

आपण डाळ, अंडी, दूध, मटण असं जे प्रोटीन खातो, ते वापरून झालं की युरिया नावाचा कचरा उरतो. किडनी रोज साधारण १८० लिटर द्रव गाळते, त्यातला कामाचा भाग परत घेते आणि कचरा लघवीतून बाहेर टाकते. फोनच्या भाषेत, ही २४ तास बॅकग्राउंडला चालणारी प्रोसेस आहे. ती बंद पडली की युरिया आणि त्याच्यासोबतचे इतर पदार्थ रक्तात साचतात. रक्तात आले म्हणजे लाळेतही येतात. तोंडातले जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. म्हणून पेशंटच्या तोंडाला उग्र वास येतो, जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव राहते, जेवण नको वाटतं. मेंदूतलं उलटीचं केंद्रही या कचऱ्याने चाळवतं. म्हणजे पोट बिघडलेलं नसतं, बिघाड भलतीकडं असतो. पण पहिली बोंब पोटच मारतं.

कोल्फ यांनी त्या मुलाकडं बघून साधा हिशोब मांडला. याच्या शरीरात रोज साधारण २० ग्रॅम युरिया तयार होतो. तेवढाच रोज बाहेर काढता आला, तर उलटी थांबेल आणि पोरगा जगेल. बस्स. किडनीची सगळी कामं करणारं यंत्र त्यांना नको होतं. वीस ग्रॅम काढणारं हवं होतं. मला स्वतःला या माणसाची हीच गोष्ट सगळ्यात आवडते. एवढा मोठा प्रश्न त्याने तराजूत मावेल इतका लहान करून घेतला.

तो मुलगा गेला. हिशोब राहिला.

आतड्याच्या जागी प्लास्टिक

युरिया रक्तातून काढायचा कसा? याची मूळ कल्पना कोल्फ यांची नव्हती. स्कॉटलंडचे थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये दाखवून दिलं होतं, की काही पातळ पडद्यांतून बारीक कण आरपार जातात आणि मोठे अडकतात. डायलिसिस हा शब्द त्यांनीच रूढ केला. १९१३ मध्ये अमेरिकेत एबल, राउनट्री आणि टर्नर या तिघांनी कुत्र्यांवर असं यंत्र चालवलं. रक्त गोठू नये म्हणून त्यांना जळवांपासून काढलेला अर्क वापरावा लागायचा! जर्मनीत गेऑर्ग हास यांनी १९२४ मध्ये माणसावर प्रयोग केला. पण त्या नळ्या नाजूक, बनवायला कटकटीच्या आणि पृष्ठभाग अपुरा.

ग्रोनिंगेनमधले बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक ब्रिंकमन यांनी कोल्फ यांना सेलोफेनच्या नळीबद्दल सांगितलं. ही नळी कशासाठी बनायची माहितीये? सॉसेजसाठी. पूर्वी सॉसेजचं सारण जनावराच्या धुतलेल्या आतड्यात भरायचे. त्याला पर्याय म्हणून कारखान्यातून सेलोफेनची आवरणं यायला लागली. म्हणजे एका अर्थी आतड्याची नक्कल करून बनवलेली वस्तू किडनीच्या कामाला लागली. कोल्फ यांनी त्या नळीत थोडं रक्त घेतलं, त्यात युरिया मिसळला, तोंडं बांधली आणि नळी मिठाच्या पाण्यात हलवत ठेवली. काही मिनिटांत जवळजवळ सगळा युरिया बाहेरच्या पाण्यात.

आता फक्त हे माणसाएवढं मोठं करायचं होतं. तेवढ्यात युद्ध आलं.

कांपेन, १९४३

१० मे १९४० ला जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या. कोल्फ त्या दिवशी एका अंत्यविधीसाठी हेगमध्ये होते. बॉम्ब पडायला लागले तसे ते सरळ तिथल्या हॉस्पिटलात गेले आणि चार दिवसांत रक्तपेढी उभी केली. इकडं ग्रोनिंगेनमधले त्यांचे प्रमुख प्राध्यापक पोलाक डॅनियल्स ज्यू होते. नाझींच्या हाती पडण्याऐवजी त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने जीव दिला. त्यांच्या जागी नाझी विचाराचा माणूस बसवला गेला. त्याच्या हाताखाली काम करायचं नाही म्हणून कोल्फ यांनी विद्यापीठ सोडलं आणि कांपेन नावाच्या छोट्या गावातल्या हॉस्पिटलात नोकरी धरली.

विचार करा, विद्यापीठाची लॅब गेली, देशावर शत्रूचा ताबा, धातू मिळत नाही, आणि हा माणूस तालुक्याच्या गावासारख्या ठिकाणी बसून जगात कुठंच नसलेलं मशीन बनवतोय. गावात भांड्यांवर एनॅमल चढवायचा कारखाना होता. तिथले प्रमुख हेंड्रिक बेर्क मदतीला आले. मशीनची रचना अशी होती : आडवा ठेवलेला मोठा ड्रम, त्याच्याभोवती तीस-चाळीस मीटर सेलोफेनची नळी गुंडाळलेली, आणि ड्रमचा खालचा भाग १०० लिटरच्या टाकीत बुडालेला. टाकीत मीठ, साखर वगैरे मोजून घातलेलं पाणी. ड्रम फिरला की नळीतलं रक्त आपोआप खालच्या बाजूला राहत राहत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकतं. पुढं धातूची टंचाई वाढली तेव्हा ड्रम लाकडी पट्ट्यांचे बनवले. सुतारकाम आठवलं ना?

एक अडचण मात्र मोठी होती. फिरणाऱ्या ड्रमला न फिरणारी नळी जोडायची कशी, तीही रक्त न गळता? उत्तर मिळालं फोर्ड गाडीच्या वॉटर पंपात. तिथं फिरणारा आणि स्थिर भाग जोडणारी जी सील असते, तीच युक्ती.

मार्च १९४३ मध्ये पहिली पेशंट मशीनवर आली. २९ वर्षांची तरुणी, दोन्ही किडन्या कायमच्या गेलेल्या. डायलिसिस झालं की ती सुधारायची. पण तेव्हा दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडून काचेची नळी घालावी लागायची. बारा वेळा झालं आणि वापरण्याजोगी रक्तवाहिनीच उरली नाही. मशीन चालत होतं, पण प्लग लावायला सॉकेट नव्हतं. ती गेली.

त्यानंतर एकामागून एक पेशंट गेले. पहिल्या पंधरा-सोळांपैकी एकच जगला, आणि तो मशीनमुळेच जगला का, हे कोल्फ यांनाही ठामपणे म्हणता येत नव्हतं. आजच्या स्टार्टअपच्या भाषेत हा सपशेल फेल प्रोजेक्ट. माणसं मरताना बघवत नाहीत म्हणून डॉक्टर व्हायला नको म्हणणारा मुलगा, आणि त्याच्याच मशीनवर एवढे मृत्यू. यातून तो रोज सकाळी परत हॉस्पिटलात कसा गेला असेल, मला खरंच कळत नाही.

११ सप्टेंबर १९४५. युद्ध संपलेलं. ६७ वर्षांची एक बाई बेशुद्ध अवस्थेत आली. नाझींना साथ दिली म्हणून ती तुरुंगात होती, गावात तिच्याबद्दल कुणाला माया नव्हती. तिला वाचवू नका, असंही लोकांचं मत. कोल्फ यांनी तिला मशीनवर घेतलं. अकरा तासांनंतर ती शुद्धीवर आली. तिच्या किडन्या तात्पुरत्या बंद पडल्या होत्या, मशीनने दिलेल्या वेळात त्या पुन्हा सुरू झाल्या. शुद्धीवर आल्यावर तिने पहिली गोष्ट सांगितली ती नवऱ्याला सोडणार असल्याची, आणि तिने त्याला सोडलंही! पुढं ती काही वर्षं जगली.

कोल्फ यांनी त्या ड्रमचं पेटंट घेतलं नाही. युद्धात लपवून ठेवलेली मशीनं त्यांनी ॲमस्टरडॅम, लंडन, न्यूयॉर्क अशी वाटून टाकली आणि आराखडेही मागेल त्याला दिले.

एक पुस्तक, तीन रस्ते

१९४७ मध्ये कोल्फ यांचं युरेमियाच्या, म्हणजे रक्तात युरिया साचण्याच्या, नव्या उपचारांवर एक छोटं पुस्तक इंग्रजीत आलं. त्यात त्यांनी फक्त आपलं मशीन मिरवलं नाही. तीन रस्ते मांडले : मशीनमधून रक्त धुणं, पोटाच्या पोकळीत द्रव सोडून धुणं आणि आतड्यातून द्रव फिरवून धुणं. म्हणजे पडदा कारखान्यातलाच हवा असं नाही, शरीरातही पडदे आहेतच, हा विचार त्यांच्या डोक्यात पक्का होता.

तिसरा रस्ता मागं पडला. आतड्यातून एवढा द्रव रोज फिरवणं माणसाला झेपणारं नव्हतं. पहिले दोन आज जगभर चालतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही पोटाला वेगवेगळ्या तऱ्हेने छळतात. इथून पुढचा भाग ज्यांच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे त्यांनी जरा सावकाश वाचा.

मशीनवरचं डायलिसिस, म्हणजे हिमोडायलिसिस. आपल्याकडं बहुतेकांचं हेच. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. आठवड्याच्या १६८ तासांपैकी किडनीचं काम चालतं फक्त १२ तास. आजच्या डायलायझरमध्ये केसासारख्या हजारो पोकळ नळ्या असतात आणि एका वेळेला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. फोनची मेमरी दोन दिवस भरू द्यायची आणि तिसऱ्या दिवशी एकदम रिकामी करायची, तसा हा प्रकार. मधल्या दिवसांत प्यायलेलं पाणीही त्याच चार तासांत ओढून काढायचं असतं. खूप पाणी भरभर निघालं की बीपी घसरतं, मग मळमळ, उलटी, पोटात कळ. डायलिसिसच्या मधेच पोटभर जेवलं तर रक्त पचनाकडं वळतं आणि बीपी आणखी पडू शकतं. काही सेंटरवाले डबा खाऊ देत नाहीत ते यासाठी.

आणि बद्धकोष्ठता. याबद्दल कुणी उघड बोलत नाही. हिमोडायलिसिसच्या पेशंटमध्ये ती साधारणपणे पोटाच्या डायलिसिसवाल्यांपेक्षा जास्त दिसते. कारण साखळीच बघा ना : पाणी मोजून प्यायचं, पोटॅशियम वाढतं म्हणून फळं, पालेभाज्या, डाळी मोजून खायच्या, म्हणजे चोथा कमी. वर फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या, दोन्ही पोट धरून ठेवणाऱ्या. त्यात दिवसातले चार तास खाटेवर. पोट साफ होणार कसं?

हे नुसतं त्रासाचं नाही, धोक्याचंही आहे. किडनी बंद पडली की जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायचं थोडं काम आतडं अंगावर घेतं. पोटच साफ झालं नाही तर तोही रस्ता तुंबतो. आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. शिवाय आतड्यातले जंतू प्रोटीनपासून काही विषारी पदार्थ बनवतात. ते रक्तातल्या प्रोटीनला चिकटून बसतात, त्यामुळे मशीनच्या पडद्यातून नीट निघत नाहीत. मळ जितका वेळ आत राहील तितका जंतूंना वेळ जास्त.

मग आपले घरगुती उपाय सुरू होतात. इसबगोल घ्या म्हणे. पण त्याला भरपूर पाणी लागतं, जे या पेशंटला चालत नाही. मेडिकलमधून जुलाबाचं औषध आणा. त्यातल्या काहींत मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असतं, आणि तेच बाहेर टाकायला किडनी नाही. पेशंटला भेटायला येताना शहाळं आणायचं ही तर आपली रीतच. नारळपाणी म्हणजे पोटॅशियमचा साठा! आमच्याकडं पहिल्या महिन्यात सोळा शहाळी आली होती, मी मोजली होती. यातलं काय चालेल ते किडनीच्या डॉक्टरांनाच विचारायचं. त्यांच्याकडं या पेशंटना चालणारी औषधं असतात.

दुसरा रस्ता पोटाच्या डायलिसिसचा, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस. आपल्या पोटातल्या अवयवांवर एक पातळ अस्तर असतं. पोटात कायमची बसवलेली मऊ नळी असते, तिच्यातून साधारण दोन लिटर ग्लुकोज मिसळलेला द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा, मग काढून टाकायचा. दिवसातून सुमारे चारदा, घरच्या घरी. किंवा रात्री झोपेत मशीन करतं. हे म्हणजे सतत थोडं थोडं चालणारं सिंक. रक्तात कचऱ्याचा चढउतार कमी, पथ्यही जरा सैल. १९२३ मध्ये जर्मनीत गांटर यांनी याचा पहिला प्रयत्न केला होता. रोज घरी करता येईल अशी सुटसुटीत पद्धत मात्र १९७६ नंतर आली.

यात पोटाची तक्रार वेगळी. दोन लिटर द्रव पोटात म्हणजे दोन मोठ्या पाण्याच्या बाटल्या. चार घासांत पोट गच्च, छातीत जळजळ, करपट ढेकर, कधी हर्निया. द्रवातलं ग्लुकोज शरीरात शोषलं जातं, त्यामुळे भूकही मरते. आणि इथं बद्धकोष्ठता झाली तर भरलेलं आतडं त्या नळीला ढकलतं, द्रव नीट बाहेर येत नाही. घरच्यांना वाटतं नळी खराब झाली. सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला आणि पोट दुखायला लागलं, तर ते अस्तराला झालेलं इन्फेक्शन असू शकतं. तेव्हा अपचन समजून ओवा चावत बसायचं नाही. पिशवी घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

मामांचं काय झालं

मामांचं पहिलंवालं, मशीनचं. गुडघे दुखतात म्हणून ते मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर गुपचूप घ्यायचे. गेल्या पावसाळ्यात त्यांना पोटात आग पडल्यासारखं व्हायला लागलं. ॲसिडिटी म्हणून रोज सकाळी एक गोळी. मग शी काळी व्हायला लागली. लोहाच्या गोळीने शी काळी होते, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं, आणि ते खरंही आहे, म्हणून त्यांनी मनाशी तेच धरलं. सेंटरवर सांगायचं तर आजूबाजूला दहा खाटा, सिस्टर घाईत, आणि संडासाबद्दल चारचौघांत काय बोलायचं? वजन किती वाढलं, बीपी किती, एवढंच दर वेळी विचारलं जायचं. घरी मामींना वाटायचं, डायलिसिस म्हटलं की असं होतंच. मलाही तसंच वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण मी त्यांच्या सगळ्यात जवळ होतो आणि मी एकदाही विचारलं नाही.

एक दिवस मशीनवरून उतरताना चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन फार खाली. एंडोस्कोपीत जठरात अल्सर निघाला, त्यातून रक्त झिरपत होतं.

किडनीच्या पेशंटला हा धोका जास्त का, तेही सांगतो. रक्तात कचरा साचलेला असला की रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत. त्यात हिमोडायलिसिसच्या वेळी रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून हेपारिन देतात. म्हणजे आत बारीकशी जखम असली तरी ती वाहत राहते. पेनकिलरनी ती जखम करायला मदतच केली. काळी, डांबरासारखी चिकट शी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, यातलं काही दिसलं की लोहाची गोळी वगैरे कारणं आपली आपण ठरवायची नाहीत. आणि मळमळ अचानक वाढली, तोंडाची चव पुन्हा बिघडली, तर डायलिसिस पुरेसं होत नाहीये का, हेही डॉक्टर तपासतात. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी कोल्फ यांनी जे माप धरलं होतं, तेच.

मामा वाचले. आता त्यांच्या फोनमध्ये मी एक नोट करून दिलीये. पोट कधी साफ झालं, रंग काय, उलटी, भूक, नवी गोळी. डायलिसिसला बसलं की ते फोन सरळ सिस्टरच्या हातात देतात. बोलायची लाज वाटते, दाखवायची वाटत नाही.

ज्यूसचे डबे आणि नावेतला प्रवास

कोल्फ १९५० मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला गेले. तिथं फळांच्या रसाचे रिकामे डबे आणि खिडकीची जाळी वापरून त्यांनी सेलोफेनची गुंडाळी असलेली छोटी किडनी बनवली. १९५६ पासून तिचं कारखान्यात बनवलेलं, एकदा वापरून फेकायचं रूप बाजारात आलं. घरी डायलिसिस करता यावं म्हणून त्यांच्या टीमने चक्क वॉशिंग मशीनची टाकी वापरून बघितली! सॉकेटचा प्रश्न मात्र दुसऱ्याने सोडवला. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी आणली, आणि किडनी कायमची गेलेला पेशंट वर्षानुवर्षं जगायला लागला. २००२ मध्ये दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्याकडं हे मशीन सामान्य लोकांना ठाऊक झालं ते बहुधा जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत अटकेत असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलात त्यांचं डायलिसिस सुरू झालं, त्यांच्या मशीनसाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि १९७९ पर्यंत ते त्यावर जगले. माझ्या आजोबांच्या पिढीला डायलिसिस हा शब्द त्या बातम्यांतून कळला.

१९६७ मध्ये कोल्फ उटाह विद्यापीठात गेले. त्यांच्याच विभागात तयार झालेलं जार्विक-७ हे कृत्रिम हृदय २ डिसेंबर १९८२ ला एका पेशंटला बसवलं गेलं, तो त्यावर ११२ दिवस जगला. पण मला जास्त आवडतो तो त्यांचा सत्तरच्या दशकातला उद्योग. त्यांच्या टीमने अंगावर बांधून हिंडता येईल अशी किडनी बनवली आणि डायलिसिसच्या पेशंटना घेऊन नदीवर, डोंगरदऱ्यांत सहली काढल्या. रात्री मुक्कामाला किनाऱ्यावर डायलिसिस आणि सकाळी परत नावेत. ११ फेब्रुवारी २००९ ला, ९८ वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस राहिले असताना, ते गेले.

त्या सहलीची गोष्ट मी मामांना मशीनवर असताना वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, त्या नावेत संडास होता का.